शिळे पाणी आणि पिवळी पाने



नळाला पाणी यायची वेळ झाली की आपल्या घरांतून एक काम ठरलेले असते. पिंपात, हंड्या-कळशीत कालचे जे पाणी उरले असेल ते काढून भांडी रिकामी करायची. हे पाणी मोरीत ओतून द्यायला मन धजत नाही. पाण्यासाठी रांगा लावलेली माणसे आपण! मग ते शिळे पाणी गॅलरीतल्या कुंड्यांत जाते. रोज जाते. पाणी वाया गेले नाही आणि झाडांचीही सोय झाली, असे आपल्याला वाटते. या सवयीपायी किती झाडे मेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आमच्या घरातल्या एका झाडाचा मात्र आम्ही सांगू शकतो.

आमच्या आईने तेलाच्या पंधरा किलोच्या डब्यात कढीपत्ता लावला होता. सहा-सात वर्षांचे झाड, चांगले कमरेएवढे. मजल्यावरच्या निम्म्या घरांच्या फोडणीला त्याची पाने जात. एका पावसाळ्याच्या अखेरीस त्याची खालची पाने पिवळी पडू लागली. "तहानलंय बिचारं," आई म्हणाली. झाले! सकाळी आई, दुपारी शाळेतून आलेला मुलगा आणि संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर आम्ही, अशा तीन पाळ्यांत पाणी सुरू झाले. पाने आणखी गळाली, तेव्हा खत कमी पडले असेल म्हणून मूठभर खतही टाकले. शेवटी शेंड्याने मान टाकली. डबा उपडा केला तर मुळे काळी पडलेली, बोटाने ओढली की साल निघून येत होती, आणि वास गटाराचा. डब्याच्या तळाची भोके गंजाने आणि मातीने केव्हाच बुजली होती. आई काही बोलली नाही. तिने डबा घासून उन्हात ठेवला.

चूक कुठे झाली? मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात, त्यांतून मुळांना हवा मिळते. पाणी घातले की या पोकळ्या भरतात आणि पाणी निथळले की पुन्हा मोकळ्या होतात. माती सतत ओली राहिली तर मुळे गुदमरतात, मग त्यांना बुरशी लागते आणि ती कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे कुंडीत चिखल आणि झाड मात्र तहानेने कोमेजलेले! आपण कोमेजलेली पाने पाहतो आणि आणखी एक तांब्या ओततो.

म्हणून पाने वाचायला शिकले पाहिजे. जास्त पाण्याने पिवळे पडलेले पान बहुधा मऊ आणि लिबलिबीत असते. पिवळेपणा खालच्या पानांपासून सुरू होतो, आणि नुसता हात लागला तरी पान गळते. कधी पानाच्या पाठीवर पाण्याच्या बारीक फोडांसारखे ठिपके येतात, पुढे ते खरखरीत तपकिरी होतात. कोरफडीचे पान तर तळाशी पारदर्शक होऊन ओघळते. याउलट तहानलेल्या झाडाचे पान कडेने करपते, कुरकुरीत होते, आत वळते. कुंडी उचलली तर हलकी लागते आणि माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली दिसते. कोमेजणे मात्र दोन्हींत सारखेच, म्हणून नुसते कोमेजलेले पाहून पाणी घालू नये. आणि एखाददुसरे जुने पान पिवळे होऊन गळाले, तर ते त्याचे वय झाले असे समजावे.

खरी परीक्षा बोटाची. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावी. ओल लागली तर पाणी नाही. कोरडी लागली तर तळातून पाणी निथळेपर्यंत भरपूर घालावे. रोज थोडे थोडे शिंपडल्याने वरची माती ओली दिसते आणि खालची मुळे कोरडीच राहतात. आम्ही पडलो कारकून, प्रत्येक गोष्टीला तारीख लागते. म्हणून पूर्वी कॅलेंडरवर खुणा करून पाणी घालून पाहिले. पण जी कुंडी एप्रिलमध्ये एका दिवसात सुकते, तीच जुलैमध्ये आठवडाभर ओली राहते. ते कॅलेंडर कामाला आले नाही.

डब्याला किंवा प्लॅस्टिकच्या बादलीला खिळ्याने पाच-सहा भोके पाडावीत आणि वर्षातून एकदा ती मोकळी आहेत ना, ते पाहावे. तळाशी खडीचा थर घातला की पाणी निथळते असे बरेच जण सांगतात. तसे होत नाही. पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडकून राहते. भोकावर एक खापरी पुरे. नर्सरीतली लाल माती नुसती वापरली तर दगडासारखी घट्ट होते, तिच्यात वाळू किंवा नारळाचा भुसा आणि कुजलेले शेणखत मिसळावे.

पानांची टोके तपकिरी होतात तेव्हा कधी कधी दोष पाण्याच्या मात्रेचा नसून पाण्यातल्या क्षारांचा असतो. बोअरिंगच्या पाण्याने मातीवर पांढरा थर धरतो, तीच खूण. असा थर दिसला तर पावसाचे पाणी बादलीत धरून तेच दोन-तीन वेळा कुंडीतून निथळू द्यावे.

दुपारी पानांवर थेंब पडले की भिंगासारखे ऊन लागून पान जळते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली याचे प्रयोग प्रसिद्ध केले. गुळगुळीत पानावरच्या थेंबाने पान जळत नाही, केसाळ पानांवर थेंब अधांतरी राहतो तिथे ते होऊ शकते, असे त्यांना आढळले. तेव्हा दुपारी झाड खरेच कोमेजलेले आणि माती कोरडी असेल तर संध्याकाळची वाट पाहू नये. मात्र रात्रभर पाने ओली ठेवू नयेत, त्याने बुरशीचे काळे-तपकिरी डाग पडतात. पाणी मातीला द्यावे, पानांना नव्हे.

कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी मुळे तर कुजवतेच, शिवाय डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. ताटली आठवड्यातून एकदा तरी घासून कोरडी करावी. मनीप्लांटच्या बाटलीतले पाणीही बदलावे आणि बाटली आतून घासावी, कारण अंडी काचेला चिकटून राहतात. ज्यांच्या घरी डेंग्यूचा रुग्ण होऊन गेला त्यांना हे सांगावे लागणार नाही.

झाड कुजू लागले आहे असे वेळीच कळले तर ते वाचू शकते. कुंडीतून काढावे, काळी मऊ मुळे कात्रीने कापावीत, पांढरी टणक मुळे ठेवावीत. कोरड्या, मोकळ्या मातीत, शक्य तर लहान कुंडीत पुन्हा लावावे. थोडी पाने छाटावीत, आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे आणि नवा कोंब येईपर्यंत खताचे नाव काढू नये. अगदी वाळलेल्या कुंडीचा उपाय निराळा. वरून घातलेले पाणी कडेने निसटून जाते, म्हणून कुंडीच अर्धा तास पाण्याच्या बादलीत ठेवावी.

आईच्या कढीपत्त्याच्या मुळाशी पूर्वी एक रोप फुटले होते, ते शेजारच्या वहिनींनी नेऊन लावले होते. झाड मेल्याचे कळल्यावर त्यांनी त्यांच्या झाडाचे तसेच एक रोप आईला आणून दिले. ते आता त्याच डब्यात आहे, भोके नवी पाडून. आई रोज सकाळी त्यात बोट घालते आणि पदराला पुसते. शिळ्या पाण्याने आमच्याकडे आता फरशी पुसतात.