डिंक्यावर औषध मागण्याआधी पाणी बघा



पावसाळा तोंडावर आला आणि ग्रुपवर संत्र्याच्या बुंध्यांचे फोटो सुरू झाले. साल फाटलेली, डिंक गळतोय, पानं पिवळी. खाली प्रश्न एकच, "कोणतं जैविक औषध मारू?" माझं मत सांगतो. डिंक्या पाण्यातून पसरतो. पाणी सुधारलं नाही तर जैविक काय नि रासायनिक काय, बाटलीचे पैसे वायाच.

ही फायटोफ्थोरा बुरशी जमिनीतच राहते, तिचे बीजाणू पाण्यात पोहतात. पाटाचं पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात गेलं की एका झाडाचा रोग अख्ख्या ओळीला जातो. लाइन रात्रीची, मोटर सुरू करून माणूस झोपतो, सकाळपर्यंत बुंधे पाण्यात. वरुड-मोर्शी काय, काटोल काय, चित्र हेच. यात एकट्या शेतकऱ्याचा दोष नाही, पण झाड आपलं जातं.

म्हणून आधी दुहेरी बांगडी करा. बुंध्याभोवती मातीचं एक कडं, त्याच्या बाहेर फांद्यांच्या घेराखाली दुसरं. पाणी दोन्हींच्या मधे, बुंधा कोरडा. ठिबकची नळी बुंध्याला चिकटलेली असेल तर दोन्ही बाजूंना लांब दोन नळ्या घ्या. भारी काळ्या जमिनीत उताराच्या दिशेने चर काढा. बुडाशी शेणखताचा ढीग लावू नका. कलमाचा डोळा मातीत गाडला गेला असेल तर माती ओढून उघडा करा.

मग बोर्डो पेस्ट. मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. प्लास्टिकच्या वेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं. लोखंडी खिळा बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. रोगट साल धारदार चाकूने निरोगी भाग दिसेपर्यंत खरवडा, खरवड जाळून टाका आणि पेस्ट लावा. निरोगी झाडांनाही पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा, दोन-तीन फुटांपर्यंत. पेस्ट त्याच दिवशी संपवा.

बोर्डो नैसर्गिक का, असं काहीजण विचारतात. मोरचुदात तांबं असतं. सेंद्रिय शेतीत ते मर्यादेत चालतं, पण जमिनीत साचतं. खोडाला लावा, दर महिन्याला आळ्यात ओतू नका.

ट्रायकोडर्मा चांगलाच आहे. झाडामागे 100 ग्रॅम, कुजलेल्या शेणखतात मिसळून, जमिनीत ओल असताना घेराखाली द्या. पण तीही बुरशीच, तांब्याने मरते. बोर्डो आणि ट्रायकोडर्मात पंधरा दिवसांचं अंतर ठेवा. दोन्ही एकाच दिवशी उरकणारे सभासद आपल्याकडे बरेच आहेत! पाकीट घेताना तारीख बघा, दुकानाबाहेर उन्हात ठेवलेलं घेऊ नका.

साल बुंध्याभोवती पूर्ण गोल कुजली असेल तर ते झाड वाचत नाही, मुळासकट काढा. अर्धी गेली असेल तर नैसर्गिकच्या हट्टापायी थांबू नका, कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

यंदा नवी लागवड करणाऱ्यांनी रोपवाटिकेत स्वतः मोजून बघावं, कलमाचा डोळा जमिनीपासून किमान वीतभर वर पाहिजे. बुटकं कलम कितीही स्वस्त मिळालं तरी गाडीत चढवू नका.