काय ठेवलंय बे सोलापुरात?

दिवाळीला पुण्याहून, हैदराबादेहून घरी आलेली पोरं चार दिवसांत कंटाळतात आणि हा प्रश्न टाकतात. कट्ट्यावर बसलेली आम्ही वडीलधारी मंडळी माना डोलावतो. पोरांचा राग मला कळतो. इथे अर्ज करून, वाट पाहून, मगच ती गेलेली असतात. संताप येतो तो आमच्या माना डोलावण्याचा. त्यामागे काही पक्क्या समजुती आहेत, आणि त्यांच्याच आधाराने आम्ही तीस वर्षं हे शहर खंगताना बघत बसलो.

खंगलंय, हे मी नाकारत नाही. 2001 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या 8,72,478 होती, 2011 मध्ये ती 9,51,558 झाली. दहा वर्षांत जेमतेम नऊ टक्के. त्याच दहा वर्षांत पिंपरी-चिंचवड दहा लाखांवरून सतरा लाखांवर गेलं. इथे घरोघर पाळणे हलतच होते, तरी शहर वाढलं नाही. मग किती माणसं बाहेर पडली असतील! आमच्या एकट्या गल्लीतली सात घरं आज तिकडे आहेत.

पहिली समजूत अशी की सोलापूरकराची वृत्तीच धंद्याची नाही, गाव आळशी आहे. हे बोलणारा माणूस बहुधा सोलापूरकरच असतो, याचं मला जास्त वाईट वाटतं. भारतीय मालकीची जहाज कंपनी नावारूपाला आणणारे, देशात विमानाचा कारखाना उभारणारे वालचंद हिराचंद 1882 साली याच गावात जन्मले. पण एका वालचंदांमुळे गाव उद्योगी ठरत नाही, हे मान्य. म्हणून विणकर आणि विडी कामगारांच्या पूर्वभागात चला.

आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. पहाटे पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीने एकसारखे तुकडे कापायचे. मग सूप मांडीवर घेऊन बसायचं. चिमूटभर तंबाखू पानावर पसरायची, पान वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे दोन वेढे, झाली विडी. हे वळणं-बांधणं बघता बघता संपतं. अशा हजार विड्या झाल्या की हजारामागे ठरलेली मजुरी. कारखान्यात माल देताना बारीक, जाड, सैल म्हणून छाट निघते. ती वळलेली असते, पण तिचे पैसे नाहीत. अक्कांचं लग्न झाल्यापासून हे चालू आहे, आणि अशा हजारो बायका या शहरात आहेत. त्यांच्याकडे बघून आळशी हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

मला जे म्हणायचं आहे ते इथूनच सुरू होतं. सोलापुरात काम पुष्कळ आहे. विडीचं आहे, मागाचं आहे, शिलाईचं आहे. त्या कामाचं मोल मात्र सोलापुरात राहत नाही. पोरं गाव सोडतात ती काम नाही म्हणून नव्हे; आईबापांनी आयुष्यभर राबून हातात काय पडलं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं, म्हणून.

दुसरी समजूत जास्त विखारी आहे. कामगारांनी संप करून गिरण्या बुडवल्या. आता तारखा बघा. दाखला दिला जातो तो मुंबईच्या गिरणी संपाचा, तो 1982 चा. सोलापूरची पहिली गिरणी, 1877 साली सुरू झालेली, आम्ही सगळे जिला जुनी मिल म्हणतो ती, साठच्या दशकातच बंद पडली होती. त्यानंतर लक्ष्मी-विष्णू गेली ती नव्वदच्या दशकात. एक गिरणी मुंबईच्या संपाच्या कितीतरी आधी आणि दुसरी कितीतरी नंतर बंद पडते, तर त्या संपाच्या नावावर बिल कसं फाडायचं? गिरण्या चालल्या तेव्हा नफा झाला. तो नव्या यंत्रांत किती गेला, हे विचारायचं सोडून आम्ही भोंग्याच्या आठवणी काढत राहिलो. कामगारांच्या बाजूने चुका झाल्या नसतील असं मी म्हणत नाही. पण संघटनेने या शहरात काय केलं तेही मोजा. कामगार नेते आडम मास्तर यांच्या मागे उभ्या राहिलेल्या विडी कामगार बायकांनी शहराजवळच्या कुंभारीच्या माळावर आधी दहा हजार घरं मिळवली, मग तीस हजार घरांचं रे नगर. जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या मिळाल्या. मोर्चे काढून, वर्गणी भरून, वर्षानुवर्षं पाठपुरावा करून उभं राहिलेलं हे काम आहे. गाव बुडवणारी माणसं अशी असतात?

काळच बदलला, कापडाचा जमाना गेला, ही तिसरी समजूत. ऐकायला शहाणपणाची वाटते. पण कापडाचा जमाना गेला म्हणणाऱ्याच्या अंगावर कपडे असतातच की. सोलापुरातून गेलं काय, ते नीट पाहू. गिरणीत एका आवारात कापूस यायचा आणि कापड बाहेर पडायचं. सूत इथलं, रंग इथला, पगारी कायम माणूस, त्याचा फंड, त्याचा बोनस. गिरण्या गेल्यावर उरला तो फक्त माग. आज यंत्रमागवाला सूत बाहेरून विकत घेतो. सुताचा भाव चढला की तो चढा भाव टॉवेलवर लावता येत नाही, कारण घेणारा व्यापारी दर आधीच सांगून बसलेला असतो. वीजबिल थांबत नाही. मग ओढाताण कुठे संपते? तुकड्यावर काम करणाऱ्या विणकराच्या हातात. लहान कारखानदाराला मी खलनायक करणार नाही. चार-आठ मागांच्या शेडमध्ये तोही दिवसभर उभा असतो. दोन्ही बाजूंनी दर ठरवणारे लोक गावाबाहेर आहेत आणि मध्ये हे दोघे भरडले जातात.

आणि चौथी, सगळ्यात लाडकी: काहीतरी मोठं यायला पाहिजे. मोठं आलं नाही असं नाही हो. शहराच्या उंबऱ्यावर 1320 मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आलं. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नाव आलं. वंदे भारत आली. विमानासाठी 2023 मध्ये साखर कारखान्याची चिमणी पाडली, त्यावरून गाव दुभंगलं, आणि 2025 मध्ये गोव्याचं विमान उडालं. विमान उडालं याचा मला आनंदच आहे. पण विमानतळ हा दरवाजा आहे. घरात काही नसेल तर दरवाजातून आतली माणसंच बाहेर जातात.

घरात असायला हवी ती पहिली गोष्ट म्हणजे पाणी. उजनी धरण आमच्या जिल्ह्यात आहे, क्षमता 117 टीएमसी. आणि शहरात पाणी चार-पाच दिवसांआड. उजनीवरून येणारी समांतर जलवाहिनी वर्षानुवर्षं रखडली. शहराला पाणी पुरवणाऱ्या औजच्या बंधाऱ्यासाठी भीमेत सोडलेलं पाणी वाटेत मुरत, उपसलं जात येत राहिलं. याला लोक गैरसोय म्हणतात. मी याला मजुरीची कपात म्हणतो. पाण्याच्या दिवशी अक्कांच्या हजार विड्या होत नाहीत. नळाला पाणी पहाटे येईल की दुपारी, याचा भरवसा नाही. पिंप, घागरी, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरायची. "पाणी आलं की हात थांबतोय बघा," त्या म्हणतात. महिन्यात असे पाच-सहा दिवस. हा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही, आणि जो नवा उद्योजक इथे जागा बघायला येतो, तो मात्र पहिल्या तासात हेच विचारतो. रोज पाणी, ठरलेल्या वेळी: या शहराचं उद्योग धोरण इथून सुरू व्हायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव. मागच्या हिवाळ्यात परगावी एका प्रदर्शनात 'सोलापुरी चादर' अशी पाटी दिसली. हातात घेतली तर गुळगुळीत, पॉलिस्टरची. उलटवून पाहिली, मागची बाजू फिकट नि पुसट. खरी सोलापुरी चादर सुती असते, जेकॉर्डवर विणलेली असते. ती उलटवली की नक्षी तीच राहते आणि रंग अदलाबदल होतात: इकडे जमीन लाल आणि फूल पिवळं, तर तिकडे जमीन पिवळी आणि फूल लाल. ही विद्या जेकॉर्डच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून नक्षी उतरवणाऱ्यांनी आणि ती मागावर चढवणाऱ्यांनी जपली. चादरीला भौगोलिक मानांकन मिळून सुमारे दोन दशकं झाली. चौकटीत लावलेल्या प्रमाणपत्राने नक्कल थांबत नाही. अस्सल मालावर ओळखीची खूण, बाजारात जाऊन नकली माल पकडणारी माणसं, आणि नक्षीकाराला शिकवणारी, त्याला नव्या घरांसाठी नव्या मापाची, हलक्या वजनाची चादर काढायला लावणारी एक चांगली संस्था, एवढं जरी झालं तरी दर ठरवण्याची थोडी ताकद परत इथे येईल.

हे स्वप्नरंजन नाही. गणवेश शिवणाऱ्यांनी ते करून दाखवलं आहे. सुटे सुटे कारखानदार एकत्र आले, गणवेशांची प्रदर्शनं भरवली, बाहेरच्या खरेदीदारांना इथे बोलावलं. व्यापाऱ्याच्या दारात माल घेऊन उभं राहण्याऐवजी व्यापाऱ्याला सोलापुरात आणलं. कुणी मोठा येईल म्हणून ते थांबले नाहीत. चादरीच्या, टॉवेलच्या धंद्याला हे जमणार नाही असं मला कुणी सांगू नये. जमवायला महापालिका, विद्यापीठ, यंत्रमागधारक आणि विणकर एका टेबलाशी बसले पाहिजेत. ही बैठक न होणं हाच आमचा खरा करंटेपणा आहे.

जूनमध्ये अक्कांचा धाकटा पुण्याला गेला. इंजिनिअरिंगची पदविका आहे, इथे दीड वर्ष वाट पाहिली त्याने. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस होती. स्टेशनवर त्याला सोडायला मी गेलो, त्याचे वडील आले, थोरली बहीण आली. अक्का नव्हत्या. त्या दिवशी पाण्याचा वार होता, आणि पहाटे पाचला नळ सुरू झाला होता.