माळ खिशात कशाला?

माउली, आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. म्हणून काही मंडळी नदीवरचा पूल ओलांडून पलीकडच्या बारमध्ये जेवायला जातात. ‘जेवणासोबत एखादी बिअर, त्यात काय बिघडले?’ असे विचारतात. पण आत शिरण्याआधी गळ्यातली माळ खिशात जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. काही बिघडत नसेल, तर माळ लपवता कशाला?

दुसरे म्हणतात, चोरून मिळतेच. चंद्रपूरची बंदी २०२१ साली उठली, तशी इथलीही उठवा. अहो, चोर येतात म्हणून घराचे दार कोणी काढून टाकतो का?

याच वर्धा नदीच्या पलीकडच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीमातेचे माहेर. नदी ओलांडायचीच, तर माळ गळ्यात ठेवून तिकडे जावे.

राम कृष्ण हरी.