पालखी बघायची, पण उभं कुठे राहायचं?

शिमगा जवळ आला की आमच्या रत्नागिरीत दोनच प्रश्न. चाकरमानी कधी येणार आणि पालखी कधी निघणार? बारा वाड्यांचं ग्रामदैवत श्री देव भैरी. त्याची पालखी झाडगावच्या सहाणेवर येते, ढोल-ताशांवर नाचवली जाते आणि सगळं शहर लोटतं. त्यात बायका काही कमी नसतात. पण त्या उभ्या कुठे असतात? पुरुषांच्या मागे, कडेवर पोर घेऊन, टाचा उंचावून! दिसतात ते फक्त समोरच्यांचे वर धरलेले मोबाईल.

इतकी वर्षं बघून माझं एक मत पक्कं झालंय. अगदी पुढे घुसण्यात अर्थ नाही. पालखी खांद्यावर घेऊन नाचवणारे गिरक्या घेतात, रिंगण बघता बघता सरकतं आणि पुढची रांग मागे रेटली जाते. बरोबर लहान मुलं असतील तर तिथे नकोच. त्यापेक्षा थोडं लांब, एखादा चौथरा नाहीतर बंद दुकानाची पायरी गाठावी. पाठीशी भिंत आणि बाजूला निघायला वाट हवी. अरुंद गल्लीच्या तोंडाशी थांबू नये, तान्ह्या बाळाला ढोलाजवळ नेऊ नये. नमन-खेळे असतील तर मात्र लवकर जाऊन पुढेच बसावं. फक्त काळ्या वेषातल्या संकासुराला घाबरणारं पोर असेल तर जरा कडेला! गंमत म्हणजे नमनात गवळणींची सोंगं वर्षानुवर्षं पुरुषांनी घेतली आणि खऱ्या बायका मागे उभ्या राहिल्या. आता काही ठिकाणी बायकाच नमन सादर करतात, हे किती छान!

पण मैत्रिणींनो, जागा खरी अडते ती स्वयंपाकघरात. घर पाहुण्यांनी भरलेलं, पुरणपोळ्यांचा घाट, पालखी दारात यायची म्हणून रांगोळी, नारळ, ओटीचं सामान. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच," असं म्हणत ती हात धुऊन बाहेर पडते, तोवर पालखी पुढच्या आळीत गेलेली असते. मग कितीही चांगला चौथरा हेरून ठेवला तरी उपयोग काय?

म्हणून मला दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सहाणेवर एका बाजूला दोरी बांधून बायका, म्हातारी माणसं आणि मुलांसाठी जागा राखावी. चार खुर्च्या ठेवाव्यात, जवळचं एखादं स्वच्छतागृह उघडं ठेवावं. त्याला फार खर्च येत नाही. आणि घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी चहा-पाण्याचं आपणहून बघावं, म्हणजे सगळेच वेळेवर बाहेर पडतील.

याच रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर १९३१ साली सर्व जातींसाठी खुलं झालं. ज्यांना देवापासून लांब ठेवलं होतं त्यांना आत घेणारं हे गाव. त्याला आपल्याच लेकीसुनांसाठी चार हात जागा करणं जड का जावं? देवाची ओटी भरायला आम्ही पुढे लागतो, मग त्याचा नाच बघायलाच मागे का?