सहावीच्या दप्तरात मराठी कोठे आहे?

शाळांचे नवे वर्ष जवळ आले की बेळगावच्या कॅम्पापासून शहापूर-वडगावपर्यंत आणि तिकडे निपाणीच्या पेठेतही मराठी घरांत एकच चर्चा ऐकू येते : मिशनच्या शाळेत प्रवेश मिळाला काय? ज्या घरी मिळाला तेथे पेढे वाटले जातात. ज्या घरी मिळाला नाही तेथे सुतक पडल्यासारखी अवकळा पसरते. या आनंदात मिठाचा खडा टाकण्याची आमची इच्छा नाही. शिस्त, टापटीप, वेळेवर भरणारे वर्ग ही या शाळांची पुण्याई खरी आहे आणि ती नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु या शाळेच्या सहाव्या इयत्तेत बसलेला मराठी मुलगा नेमके काय शिकतो, हा प्रश्न पेढे वाटणाऱ्यांनी एकदा तरी स्वतःस विचारावा, एवढीच आमची विनंती आहे.

हा प्रश्न निघाला की काही मंडळी लगेच बायबलाकडे बोट दाखवितात. एप्रिल २०२२ मध्ये बंगळूरच्या क्लॅरेन्स हायस्कूलच्या प्रवेश-अर्जात बायबलाविषयीची हमी पालकांकडून घेतली जाते म्हणून मोठे वादळ उठले होते. त्या वादळाचे शिंतोडे इकडेही उडाले. पण ज्यांना ही भीती वाटते त्यांच्यासाठी राज्यघटनेने आधीच कवाड लावून ठेवले आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीवाचून अल्पवयीन विद्यार्थ्यास धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे २८ व्या कलमाचे तिसरे उपकलम स्पष्ट सांगते. तेव्हा बायबलाचा बागुलबुवा पुरे झाला. चोर पुढच्या दाराने येईल म्हणून आपण काठी घेऊन बसलो आहोत आणि मागच्या दाराने घरातील ठेव केव्हाच निघून गेली आहे.

ही ठेव कोणती, ते सहावीचे दप्तर उघडून पाहिले की कळते. गणित आहे, विज्ञान आहे, समाजविज्ञान आहे. ती सर्व इंग्रजीतून. पहिली भाषा इंग्रजी. दुसरी कन्नड, कारण २०१५ च्या कायद्याने पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून ती सर्व शाळांत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. आणि राज्याच्या अभ्यासक्रमात सहावीपासून तिसऱ्या भाषेची भर पडते. ही तिसरी जागा बहुतेक ठिकाणी हिंदीने व्यापलेली असते. म्हणजे अकरा वर्षांचे मूल तीन भाषा आणि तीन लिप्यांची भर पाठीवर वाहते; पण ज्या भाषेत त्याने पहिला शब्द उच्चारला, ती त्यांत नाही! काखेत कळसा आणि गावाला वळसा, याहून वेगळे काय म्हणावे?

कन्नड शिकू नये, असे कोणीही शहाणा म्हणणार नाही. शेजाऱ्याची भाषा येणे हे व्यवहाराचे आणि सौजन्याचेही लक्षण आहे. इंग्रजीवाचून तर आज पान हलत नाही. आमची तक्रार शिकविल्या जाणाऱ्या भाषांविषयी नाही, गाळल्या गेलेल्या भाषेविषयी आहे. हिंदीमुळे देवनागरी अक्षरे या मुलास ओळखता येतात. म्हणून तो मराठी वाचतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात आजोबांच्या कपाटातील ज्ञानेश्वरी त्याला परकी असते, घरातील मराठी वर्तमानपत्र तो चित्रांपुरते पाहतो, आणि आजीने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी त्याला कोणीतरी वाचून दाखवावी लागते. भाषा बोलता येते पण लिहिता-वाचता येत नाही, अशी ही पिढी आहे. पुढच्या पिढीत बोलणेही उरत नाही.

“पण शाळाच ख्रिस्ती, तेथे मराठी कशी असेल?” असा युक्तिवाद केला जातो. हा युक्तिवाद अज्ञानाचा आहे. फादर स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला येशूसंघी. त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचले आणि १६१६ साली ते छापून निघाले. त्याच येशूसंघाच्या परंपरेतील सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ पासून बेळगावात उभे आहे. रेव्हरंड टिळक आणि पंडिता रमाबाई यांची नावे मराठी वाङ्मयातून वगळून दाखवावीत. फार लांब कशाला जावे? मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, त्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’चे कर्ते बाबा पदमनजी हे १८३१ साली आपल्या याच बेळगावात जन्मले आणि येथील मिशन शाळेत शिकले. पुढे १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मराठी सोडली नाही. उलट विधवांचे दुःख मराठी कादंबरीत प्रथम त्यांनीच मांडले. आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते पाद्रीच होते ना? बेळगावच्या मिशन शाळेने मराठीला एक आद्य कादंबरीकार दिला. तसल्याच शाळेतील आजच्या सहावीच्या मुलास त्याच्या पुस्तकाचे एक पान वाचता येऊ नये, याचा दोष धर्माच्या माथी मारता येणार नाही.

गोव्याचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. १९९० साली तेथील सरकारने मातृभाषेतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान देण्याचे ठरविले, तेव्हा धर्मप्रांताच्या शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले आणि वीस वर्षे चालविले. २०११ साली इंग्रजीलाही अनुदान मिळू लागताच त्या इंग्रजीकडे वळल्या. शाळा त्याच, क्रूस तोच, पाद्रीही तेच. बदलले ते धोरण आणि पालकांचा आग्रह. तात्पर्य, शाळा ख्रिस्ती आहे म्हणून मराठी नाही, हे खरे नव्हे; मराठी कोणी मागत नाही म्हणून ती नाही.

हे मागण्याचा आधार मिशनच्या शाळांना आणि आपल्याला एकाच कलमाने दिला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. ज्या ३० व्या कलमाच्या बळावर या संस्था आपला कारभार स्वतंत्रपणे चालवितात, त्यात ‘धर्मावर किंवा भाषेवर आधारित’ अशा दोन्ही अल्पसंख्याकांचा उल्लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली टी. एम. ए. पै प्रकरणात अल्पसंख्याक कोण हे राज्यनिहाय ठरवावे असे सांगितले. त्या न्यायाने कर्नाटकातील मराठी भाषक हे भाषिक अल्पसंख्याक ठरतात. जो आपल्या हक्काचे छत्र डोक्यावर धरतो, त्याने त्याच छत्राखाली उभ्या असलेल्या शेजाऱ्याला पावसात ढकलू नये, ही अपेक्षा गैर आहे काय?

आता कटू सत्य. मे २०१४ मध्ये घटनापीठाने असा निर्णय दिला की मुलाची मातृभाषा कोणती, हे पालकांनीच ठरवावयाचे. सरकारने माध्यम लादावयाचे नाही. सीमाभागातील मराठी माणसाच्या हातात अशी लेखणी क्वचितच आली असेल. त्या लेखणीने आम्ही काय केले? अर्जावरील ‘मातृभाषा’ या रकान्यात अभिमानाने ‘मराठी’ असे लिहिले, आणि ती तुमच्या शाळेत शिकवाल काय, हे विचारण्याचे धैर्य मात्र खुर्चीसमोर बसताच गळून पडले. देणगीचा आकडा विचारला, गणवेशाचे दुकान विचारले, बसची वेळ विचारली. भाषेचे नाव काढले नाही. दुसऱ्याने भाषा दडपली तर लढता येते. आपणच ती दाराबाहेर ठेवून आत गेलो, तर लढावयाचे कोणाशी?

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. पाचवीत मूल असलेल्या पालकांनी तिसऱ्या भाषेचा निर्णय होण्यापूर्वी एकत्र येऊन शाळेस सह्यांचे निवेदन द्यावे. एकट्याच्या विनंतीला ‘पाहू’ असे उत्तर मिळते, चाळीस सह्यांना तसे मिळत नाही. तिसऱ्या भाषेत मराठीचा पर्याय देता येत असेल तर तो मागावा. नियमाची अडचण सांगितली गेल्यास परीक्षेबाहेरचे आठवड्याचे दोन तास मागावेत. आणि तेही जमत नसेल, तर एक मागणी अशी आहे की तिला ना सरकारची परवानगी लागते ना अनुदान : ज्या शाळांत नीतिशिक्षणाचा तास आहे, तेथे मराठी मुलांसाठी तो तास मराठीतून घ्यावा. टिळकांच्या आणि दिब्रिटोंच्या भाषेत ख्रिस्ताची करुणा सांगितली म्हणून ती उणी होत नाही, आणि ती मराठीतून ऐकली म्हणून आमच्या मुलांचे काही बिघडत नाही. ज्या शाळा आजही मराठीला जागा देतात, त्यांचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. इतरांनी त्यांचा कित्ता गिरवावा.

मोर्चा वर्षातून एकदा निघतो, दप्तर रोज उघडते. ज्या गावाने मराठीसाठी एवढे सोसले, त्या गावातील मुलाच्या दप्तरात मराठीचे एक पुस्तक नसावे, हे त्या सोसण्यास शोभणारे नाही. प्रवेशाच्या पेढ्यांआधी त्या पुस्तकाची मागणी झाली पाहिजे, आणि ती याच वर्षी झाली पाहिजे.