परसबागेची बाटली

माझ्या टोळीत पेठचा एक कोकणा पोरगा आहे. त्याची धाकटी बहीण दप्तरात बाटलीभर पाणी घेऊन शाळेत जाते. प्यायला नाही, शाळेच्या परसबागेला! २०१९ला दिल्लीनं शाळाशाळांत पोषणबागा लावायचं फर्मान काढलं. मेथी लावा, शेवगा लावा, खिचडीत टाका. शेवग्याशी आपलं काही वाकडं नाही. पण पाणी पोरीच्या पाठीवरून का?

म्हणं पेठ दुष्काळी. झूट! दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथं. कातळ तो धरत नाही. दमणगंगा, पार त्याला गुजरातेत घेऊन जातात. २०२५च्या उन्हाळ्यात बोरीची बारीच्या बायका पाण्यासाठी विहिरीत उतरल्या. देशानं व्हिडिओ बघितला नि पुढं सरकवला.

मी मॅट्रिक, गोदीत माल वाहतो. हिशोब कळतो. शाळेचं छप्पर शंभर चौरस मीटर धरा. सांडलवंड सोडून वर्षाला दीड लाख लिटर पाणी त्यावरून वाहतं. खाली ठेवतात काय? पाच हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी! आषाढात धो धो पडला तर एका दिवसात भरते. बाकीचं पाणी ओढ्याला. दिवाळीनंतर टाकी ठणठण, मेथी वाळायला लागली की पोरीच पाणक्ये. वर साले फोटो काढतात, 'जलसाक्षर शाळा'.

जमिनीखाली लाखभर लिटरची पक्की टाकी बांधा. पन्हळी लावा, पहिल्या पावसाची घाण बाहेर सोडा, आधी पोरांना प्यायला नि संडासाला द्या, मग मेथीला. सरकारी पैशानं. श्रमदान, लोकवर्गणी हे शब्द काढू नका. मलबार हिलला कुणी श्रमदानानं नळ घेतला?

पैसा नाही म्हणता? पार-तापी-नर्मदेसाठी पेठच्या झरीला धरण आखायला होता. गुजरातचे आदिवासी २०२२त रस्त्यावर आले म्हणून तो बेत अडला. दमणगंगेचं पाणी बोगद्यातून मुंबईला आणायचा अहवालही तयार आहे. आणि दोस्तांनो, आपल्या चाळीतल्या नळाला वैतरणेचं पाणी येतं. तिचं वरचं धरण इगतपुरीत, नाशिक जिल्ह्यातच. तेव्हा पेठ 'तिकडचं' म्हणायची सोय आपल्याला नाही.

१९२७ला महाडच्या चवदार तळ्यावर आपले आजे-पणजे गेले ते सार्वजनिक पाण्यावरचा हक्क बजावायला. शाळेचं छप्परही सार्वजनिकच. पेठला पेसा लागू आहे, ग्रामसभेला तोंड आहे. पेठच्या पोरांनी पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारावं : टाकी किती लिटरची, बांधणार कधी? लेखी उत्तर येईपर्यंत एकाही पोरीनं बाटली नेऊ नये.