भुतांच्या मागावरील कथा

आमच्या वसतिगृहांत मुलांच्या उशांखालीं नारायण धारपांचीं पुस्तकें वरचेवर सांपडतात. तीं काढून घ्यावींत कीं राहूं द्यावींत, असा प्रश्न आमच्यापुढें आला. न वाचतां निवाडा देणें अन्यायाचें होईल, म्हणून १८४० सालीं स्थापन झालेल्या येथील सार्वजनिक वाचनालयांतून आम्हीं 'समर्थ' मालिकेंतील कथा आणविल्या व वाचून काढिल्या. त्यांविषयींचें आमचें मत येथें देत आहों.

धारप (१९२५-२००८) हे विज्ञानाचे पदवीधर. भयकथांप्रमाणेंच त्यांनीं विज्ञानकथाही लिहिल्या. घरांतील साध्या, ओळखीच्या गोष्टींतून भय हळूहळू कसें वाढवावें, हें त्यांस उत्तम साधलें आहे. त्यांचे 'समर्थ' हे अमानुष शक्तींशीं झुंजून पीडितांस सोडविणारे पुरुष होत. रात्रीं दिवा मालवावयास आम्हांसही थोडा विलंब लागला, हें कबूल केलें पाहिजे.

असलीं पुस्तकें म्हणजे केवळ कालापव्यय, असें आमचे कांहीं सहकारी म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. बाबा पदमनजींनीं १८५७ सालीं 'यमुनापर्यटन' लिहून विधवांची दुःखें वेशीवर टांगलीं, आणि चारच वर्षांनीं, १८६१ सालीं, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची अद्भुतरम्य 'मुक्तामाला' निघाली. सुधारणा व अद्भुत हे दोन्ही प्रवाह मराठी कादंबरींत आरंभापासून आहेत. मुलांस त्यांतील एकाच प्रवाहाचें पाणी पाजण्याचा हट्ट आम्हीं कां धरावा?

परंतु एका मुलाच्या प्रश्नानें आम्ही विचारांत पडलों. "गुरुजी, समर्थांसारखा कोणी खरोखर असतो काय?" असें त्यानें विचारिलें. चौकशी करितां कळलें कीं, त्याच्या धाकट्या बहिणीस फेपरें येई व घरचीं माणसें तिला भगताकडे नेणार होतीं. आम्ही त्याच्या वडिलांस भेटलों व मुलीस डॉक्टरांकडे घेऊन गेलों. आज ती नेमानें औषध घेते व शाळेंतही जाते.

या कथांतील उणें आम्हांस त्या दिवशीं उमगलें. कथेंत पीडितानें शरण जावयाचें व समर्थांनीं तारावयाचें, असा क्रम असतो. आणि तारणें लेखकाच्या हातीं असल्यानें उपाय फुकट जात नाहीं. आजाऱ्याच्या अंथरुणाशीं असा लेखक बसलेला नसतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला; त्याच वर्षीं महाराष्ट्रांत जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं माणसास बांधणें, मारणें, मिरचीची धुरी देणें, तसेंच साप-विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारांस अटकाव करून मंत्रतंत्र करणें, हे त्या कायद्यानें गुन्हे ठरले आहेत. असे प्रकार खरोखर घडत होते, म्हणूनच ते कायद्यांत लिहावे लागले.

म्हणून आमचें मत असें: पुस्तकें जप्त करूं नयेत. ज्या मुलाच्या उशाखालीं तें सांपडेल, त्यास शिक्षकानें जवळ बसवून कथा कशी वाटली तें विचारावें, व घरीं कोणी आजारी आहे काय, हेंही विचारावें. विद्यार्थिमित्रहो, धारप अवश्य वाचा. मात्र घरांत कोणास झटके येऊं लागले, तर समर्थांची वाट न पाहतां दवाखान्याची वाट धरा.